कांद्याचा भाव फोनवर वेळेत पोचवायचा तर: वेब पुशबद्दल सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे कांद्याचे रोजचे भाव देणारी तुमची साइट आहे. दोन वर्षांपूर्वी तुम्ही वेब पुश, म्हणजे ॲपशिवाय ब्राउझरमधूनच फोनवर जाणारं नोटिफिकेशन, सुरू केलं. साइट उघडली की लगेच नोटिफिकेशनच्या परवानगीचा पॉप-अप येतो. डेटाबेसमध्ये १४ हजार सबस्क्रिप्शन जमली आहेत, पण नोटिफिकेशन सोडलं की जेमतेम काहीशे लोक साइटवर येतात. आयफोनवाल्या एकालाही ते मिळत नाही. आता कुणीतरी दरमहा पैसे भरून तयार सेवा घ्या असं सुचवलंय, आणि त्याने नोटिफिकेशन पोचायला लागतील का, हे तुम्हाला हवंय.

सेवा घेऊन हे सुटेल असं मला वाटत नाही. गेली आठ-नऊ वर्षं मी बातम्यांच्या, शाळांच्या आणि बाजारभावांच्या साइट्सचं पुश सांभाळतोय. तुमच्या वर्णनात मला तीन वेगळ्या अडचणी एकात एक गुंतलेल्या दिसतात: यादीत मेलेल्या नोंदी आहेत, परवानगी चुकीच्या वेळी मागितली जातेय, आणि सगळ्यांना सगळंच पाठवलं जातंय. पहिली अडचण एका संध्याकाळीत सुटते. बाकीच्या दोन्हींना वेळ लागतो, पण खरा फरक त्यांनीच पडतो.

आधी १४ हजारांचा हिशेब. एक सबस्क्रिप्शन म्हणजे एक माणूस नव्हे, एका फोनमधला एक ब्राउझर. त्याच माणसाने नवा फोन घेतला की दुसरी नोंद. ब्राउझरचा डेटा पुसला आणि पुन्हा परवानगी दिली की तिसरी. जुन्या नोंदी तुमच्याकडे तशाच पडून राहतात, कारण त्या गेल्या हे तुमच्या सर्व्हरला आपणहून कुणी कळवत नाही. ते पाठवताना मिळणाऱ्या उत्तरातून ओळखायचं असतं.

हे पाठवणं नेमकं कसं चालतं तेही सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. परवानगी मिळाली की ब्राउझर आपल्या कंपनीच्या पुश सेवेकडून एक पत्ता आणतो, त्याला एंडपॉइंट म्हणतात. क्रोमचा पत्ता गूगलच्या सर्व्हरचा, फायरफॉक्सचा मोझिलाच्या, सफारीचा ॲपलच्या. तुमचा सर्व्हर संदेश कुलूपबंद करून त्या पत्त्यावर देतो आणि तिथून तो फोनपर्यंत जातो. म्हणजे प्रत्येक ब्राउझरचं पोस्ट ऑफिस ठरलेलं आहे, आणि तुम्ही महागातली सेवा घेतली तरी शेवटचा पोस्टमन तोच राहतो. म्हणून पैसे भरल्याने पोचणं सुधारत नाही. दुसरं असं की पुश सेवेने २०१ हा कोड परत दिला, तर त्याचा अर्थ 'टपाल स्वीकारलं' एवढाच. फोनवर दिसलं, वाचलं, असा नाही.

आता तुमच्या सर्व्हरवर नोटिफिकेशन पाठवणारा कोड उघडा आणि तो परत आलेले कोड बघतो का ते पाहा. बहुतेक ठिकाणी कुणी बघत नाही. ४१० किंवा ४०४ आला तर ते सबस्क्रिप्शन संपलंय, नोंद तिथल्या तिथे काढून टाका. ४२९ आला तर तुम्ही घाई करताय, सोबत दिलेल्या वेळेइतकं थांबून परत पाठवा. ४१३ म्हणजे संदेश फार मोठा झाला. ४०१ किंवा ४०३ आला तर बहुधा पाठवणारे तुम्हीच आहात हे दाखवणाऱ्या तुमच्या किल्ल्यांमध्ये गडबड आहे, किंवा सर्व्हरचं घड्याळ चुकलंय. अशा वेळी नोंदी काढायच्या नाहीत, कारण लोक तिथेच आहेत, चूक आपल्याकडे आहे. ५०० च्या पुढचे कोड म्हणजे पलीकडची तात्पुरती अडचण. एका साइटवर माझ्या आधीच्या माणसाने 'कुठलाही एरर आला की नोंद काढा' असं लिहून ठेवलं होतं. एका दुपारी पलीकडची सेवा थोडा वेळ अडखळली आणि निम्मी चांगली यादी पुसली गेली. ती परत आणता आली नाही, कारण परवानगी बॅकअपमधून मागता येत नाही.

साफसफाई झाली की आकडा बराच खाली येईल. त्याने निराश होऊ नका. उरतील ती खरी माणसं असतील.

दुसरी अडचण परवानगी मागण्याची, आणि इथे मी थोडा आग्रहाने बोलणार आहे. कुणीतरी व्हॉट्सअॅपवरून आलेल्या लिंकवर बोट ठेवतो, त्याला आजचा पिंपळगावचा भाव बघायचाय, आणि भाव दिसण्याच्या आधीच पॉप-अप येतो. तो काय करेल? मिळेल ते बटण दाबून पॉप-अप घालवेल. त्याने 'ब्लॉक' दाबलं असेल तर तुमची साइट त्याला पुन्हा कधीही विचारू शकत नाही. त्याला स्वतः ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ते उघडावं लागतं, आणि हे कुणी करत नाही. नुसतं बंद केलं तरी तीन वेळा तसं झालं की क्रोम तुम्हाला आठवडाभर विचारू देत नाही. फायरफॉक्सने जानेवारी २०२० च्या ७२ व्या आवृत्तीपासून क्लिकशिवाय हा पॉप-अप दाखवणंच बंद केलं. सफारीलाही क्लिक लागतो. क्रोमने फेब्रुवारी २०२० मध्ये ८० व्या आवृत्तीत अशी विनंती गुपचूप बाजूला ठेवण्याची सोय आणली, आणि ज्या साइटला लोक सतत नाही म्हणतात तिची विनंती तशी आपोआप दडवली जाते. म्हणजे तुमच्या काही वाचकांना तुम्ही विचारताय हे दिसतही नसेल.

मी काय करतो ते सांगतो. भावाच्या तक्त्याच्या खाली, माणसाने भाव पाहून झाल्यावर नजर जाईल अशा जागी, साधं बटण ठेवतो: 'लासलगावचा उन्हाळ कांद्याचा भाव रोज लिलाव संपल्यावर कळवू का?' बटण दाबलं तरच ब्राउझरचा पॉप-अप. आपल्या बटणाला नाही म्हणणारा माणूस उद्या हो म्हणू शकतो. ब्राउझरच्या पॉप-अपला नाही म्हणणारा कायमचा जातो. त्याच क्षणी आणखी दोन गोष्टी विचारून घ्या: कोणती बाजार समिती, आणि लाल कांदा की उन्हाळ. हे उत्तर त्या सबस्क्रिप्शनच्या नोंदीशेजारी साठवा. येवल्याच्या माणसाला चांदवडचा भाव कधीतरी लागतो, पण रोज दहा समित्यांचे दहा टिंग नको असतात.

एक बारकावा इथे राहून जातो. फेसबुकवरची लिंक दाबली की साइट फेसबुकच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडते. अँड्रॉइडवर तिथे पुश चालतच नाही. ब्राउझरमध्ये पुशची सोय आहे का हे कोडने आधी तपासा. नसेल तर बटण लपवा आणि 'वरच्या तीन ठिपक्यांतून ही साइट क्रोममध्ये उघडा' एवढी ओळ दाखवा. तुमचे बरेच वाचक फेसबुकवरून येत असतील तर या एका ओळीचा उपयोग दिसेल.

आयफोनचं उत्तर सरळ आहे. वेब पुश तिथे मार्च २०२३ च्या आयओएस १६.४ पासून आलं, पण साइट होम स्क्रीनवर ठेवलेली असेल तरच. सफारीत शेअरचं बटण, तिथून 'ॲड टू होम स्क्रीन', मग त्या आयकॉनवरून साइट उघडून बटण दाबायचं, तेव्हा कुठे परवानगी मागता येते. साइटच्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये (साइटचं नाव, आयकॉन वगैरे ब्राउझरला सांगणारी फाइल) डिस्प्ले 'स्टँडअलोन' असायला हवा. यावर किती कष्ट घ्यायचे ते तुमच्या वाचकांवर अवलंबून आहे. व्यापारी जास्त असतील तर चित्रांसह एक पान तयार करा. शेतकरी जास्त असतील आणि आकडेवारीत आयफोन मोजकेच दिसत असतील, तर चार ओळींची सूचना पुरे.

आता आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत पण तुमच्या साइटसाठी सगळ्यांत महत्त्वाची आहे: संदेशाचं आयुष्य.

काही वर्षांपूर्वी मी अशाच एका भावांच्या साइटचं काम बघत होतो. सकाळी साडेनऊला साइटच्या नंबरवर चांदवड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा फोन आला. सकाळी सहाला त्याच्या मोबाइलवर आमचं नोटिफिकेशन आलं होतं. भाव बरा दिसला म्हणून त्याने ट्रॅक्टर भरला आणि मार्केटला गेला. तिथे लिलावात भाव क्विंटलला बराच खाली निघाला. आम्ही लॉग काढले. ते नोटिफिकेशन आदल्या दिवशी दुपारच्या लिलावानंतर पाठवलेलं होतं. रात्रभर त्याचा फोन चार्जिंगअभावी बंद होता, सकाळी सुरू झाल्यावर ते येऊन पोचलं. मजकुरात तारीख नव्हती. त्याच्या दृष्टीने तो आजचा सकाळचा भाव होता, आणि तसं समजण्यात त्याची काहीही चूक नव्हती. दादा, तुमचं भाडं आणि दिवस आमच्यामुळे गेला, असं मी त्यांना फोनवर सांगितलं, पण त्याने ट्रॅक्टरचं डिझेल परत येत नाही.

कारण असं: प्रत्येक पुश संदेशाबरोबर टीटीएल नावाचा आकडा द्यावा लागतो. फोन बंद असेल तर संदेश किती सेकंद सांभाळून ठेवायचा, हे त्यातून पुश सेवेला कळतं. पीएचपी आणि नोड या सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमिंगच्या साधनांसाठी जी वेब-पुश लायब्ररी (तयार कोडचा संच) सर्रास वापरली जाते, त्या दोन्हींत तुम्ही काही सांगितलं नाही तर हा आकडा चार आठवड्यांचा असतो. बातमीच्या साइटवर त्याने फारसं बिघडत नाही. भावाच्या साइटवर बिघडतं. त्या दिवसापासून मी भावासाठी टीटीएल तीन तासांचा, म्हणजे १०,८०० सेकंदांचा ठेवतो. तीन तासांत फोन सुरू झाला नाही तर तो संदेश कधीच न पोचलेला बरा. सुट्टीमुळे उद्या लिलाव बंद असल्याची सूचना असेल तर टीटीएल उद्या दुपारपर्यंतचा. म्हणजे आकडा प्रत्येक प्रकारच्या संदेशाला वेगळा विचार करून द्यायचा.

त्याच्या जोडीला 'टॉपिक' वापरा. सकाळच्या सत्राचा भाव पाठवला, तो अजून पोचला नाही, आणि दुपारचा तयार झाला, तर त्याच टॉपिकचा नवा संदेश पुश सेवेत पडून असलेल्या जुन्याची जागा घेतो. फोन सुरू झाल्यावर एकच, ताजा भाव येतो. टॉपिकचं नाव मात्र ३२ अक्षरांच्या आत आणि साध्या इंग्रजी अक्षर-अंकांत हवं, तिथे देवनागरी 'लासलगाव' चालणार नाही, समितीचा आणि मालाचा एखादा कोड ठरवा. टॉपिक पोचण्याआधीचं बघतो. पोचून स्क्रीनवर आलेल्यासाठी 'टॅग' असतो: तोच टॅग असलेलं नवं नोटिफिकेशन जुन्याच्या जागी बसतं. फक्त मग फोन वाजत नाही, वाजायला हवा असेल तर 'रीनोटिफाय' चालू करा.

मजकुराबद्दल मराठी साइटवाल्यांना एक वेगळी अडचण असते. पुश संदेशाची मर्यादा साधारण ४,०९६ बाइटची, कुलूप लावण्याचा खर्च वजा जाता चार हजारांच्या जरा खाली. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार वेगवेगळे मोजले जातात. म्हणजे तेराशेच्या आसपास चिन्हं झाली की संपलं. वीस समित्यांचा तक्ता मराठीत संदेशात कोंबायला गेलात तर ४१३ येणार. कोंबायची गरजही नाही. स्क्रीनवर तसंही दीड-दोन ओळी दिसतात. मी असं लिहितो:

शीर्षक: 'लासलगाव, उन्हाळ: सरासरी १,४५० रुपये'
मजकूर: 'मंगळवार, दुपारचा लिलाव. किमान ६००, कमाल १,८११. क्विंटलचे भाव.'

हे आकडे नमुन्याचे आहेत. क्रम मात्र जाणूनबुजून असा आहे. गावाचं नाव पहिलं, कारण तेवढं बघूनच माणूस ठरवतो की हे आपलं आहे का. सरासरी शीर्षकात, कारण कमाल भाव एखाद्याच लॉटला मिळालेला असतो, आणि तो वर लिहिला की क्लिक वाढतात पण विश्वास कमी होतो. वार आणि सत्र नेहमी. माणसाला साइट न उघडता उत्तर मिळालं तर आपल्या क्लिक कमी होतील अशी भीती वाटते, मलाही वाटायची. पण 'आजचा कांद्याचा भाव पाहून थक्क व्हाल' असं लिहून मिळवलेला क्लिक महिनाभर टिकतो, मग माणूस नोटिफिकेशन बंद करतो.

कुणाकडे पोचतच नाही अशी तक्रार आली, तर फोनही तपासायला सांगा. अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक ॲपला नोटिफिकेशनची परवानगी वेगळी लागते, आणि क्रोम हेही एक ॲपच आहे. साइटला परवानगी आहे, क्रोमला नाही, असं खूपदा आढळतं. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप्स बंद करतात, तिथे क्रोमला बॅटरीच्या सेटिंगमधून मोकळीक द्यावी लागते. तुमच्या बाजूने 'अर्जन्सी' हाय दिली तर झोपी गेलेला फोनही जागा केला जातो. भावाला ती द्या. 'साइटवर नवा लेख आला' याला देऊ नका.

किती वेळा पाठवायचं? भावासाठी लिलावाच्या सत्राला एक, बस. भाव कळवायची परवानगी घेतली आहे, तर त्याच वाटेने औषधांच्या जाहिराती आणि निवडणुकीच्या बातम्या पाठवू नका. हे नैतिकदृष्ट्या खटकतंच, शिवाय तांत्रिक तोटाही आहे: ज्या साइटकडे माणूस वळत नाही पण जिची नोटिफिकेशन ढिगाने येतात, तिची परवानगी आता क्रोम आपणहून काढून घेतं. नोटिफिकेशनमध्येच 'बंद करा' असं एक बटण द्या. मी ते दिलं तेव्हा लोक सोडून जातील अशी धास्ती होती. गेले ते थोडे, आणि सेटिंगमध्ये जाऊन ब्लॉक करणारे कमी झाले. बंद करणारा परत येऊ शकतो.

सर्व्हिस वर्करच्या, म्हणजे साइट बंद असतानाही ब्राउझरमध्ये पुश स्वीकारणाऱ्या तुमच्या कोडच्या फाइलच्या, दोन-तीन गोष्टी पटकन. ती फाइल साइटच्या मुळाशी ठेवा, आतल्या फोल्डरमध्ये ठेवली तर तिचा अंमल तेवढ्याच भागावर चालतो. पुश आल्यावर नोटिफिकेशन दाखवलंच पाहिजे. न दाखवता गुपचूप काम केलं तर क्रोम स्वतःचाच एक गूढ संदेश दाखवतं आणि सफारी परवानगी काढून घेते. आयकॉनशिवाय 'बॅज' म्हणून पारदर्शक पार्श्वभूमीचं एकरंगी चित्र द्या, पार्श्वभूमी भरलेलं चित्र दिलं तर अँड्रॉइडच्या वरच्या पट्टीत पांढरा चौकोन दिसतो. आणि सबस्क्रिप्शन बदललं की ब्राउझर कळवेल या भरवशावर राहू नका. माणूस साइटवर आला की दर वेळी सध्याचं सबस्क्रिप्शन वाचून सर्व्हरवरच्या नोंदीशी जुळतं का ते बघा. या एका सवयीने गळती बरीच थांबते.

आता सेवा की स्वतः. तुमच्याकडे प्रोग्रॅमर नसेल, किंवा असलेला माणूस सहा महिन्यांत जाणार असेल, तर सेवा घ्या, त्यात कमीपणा नाही. पण तुमचा सध्याचा कोड चालतोय, यादी काही हजारांची आहे, संदेश रोजचे मोजके आहेत. एवढ्यासाठी लहानसा सर्व्हर आणि फुकट मिळणारी लायब्ररी पुरते. मी तुमच्या जागी असतो तर स्वतःकडेच ठेवलं असतं. सेवा घेतलीतच तर सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारा: सबस्क्रिप्शन आमच्याच डोमेनवर राहतील ना, आणि सोडून जाताना एंडपॉइंट, संदेश कुलूपबंद करायला लागणाऱ्या त्याच्या दोन्ही किल्ल्या आणि व्हॅपिडची खाजगी किल्ली आम्हाला परत मिळेल ना. तिसऱ्याच्या डोमेनवर जमवलेली यादी त्याची असते, तुमची नाही.

व्हॅपिडची ही किल्लीजोडी म्हणजे पाठवणारे तुम्हीच आहात याचा पुरावा. सबस्क्रिप्शन तयार होतानाच ते तुमच्या सार्वजनिक किल्लीशी बांधलं जातं. खाजगी किल्ली हरवली तर सगळी यादी एका क्षणात निरुपयोगी होते, आणि प्रत्येक माणूस पुन्हा साइटवर येऊन नव्याने नोंदला जाईपर्यंत काही करता येत नाही. सर्व्हर बदलताना ती मागे राहून गेलेली मी दोनदा पाहिली आहे. तशीच गत डोमेनची: सबस्क्रिप्शन पत्त्याशी जोडलेलं असतं, आणि 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावलेला व न लावलेला पत्ता ब्राउझरला दोन वेगळ्या साइट्स वाटतात. कोणता तरी एक ठरवा आणि दुसरा त्याच्याकडे वळवा.

आज रात्री एवढंच करा: खाजगी किल्लीची प्रत दुसऱ्या सुरक्षित जागी ठेवा, टीटीएल तीन तासांवर आणा, आणि साइट उघडताच येणारा पॉप-अप काढून टाका. उद्या दुपारचा भाव सोडताना किती ४१० आणि ४०४ परत येतात ते मोजा आणि तो आकडा मला कळवा. त्याबरोबर क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीच्या नोंदी किती, तेही सांगा, ते एंडपॉइंटच्या पत्त्यावरूनच ओळखता येतं. मग बटण कुठे आणि कोणत्या शब्दांत ठेवायचं ते आपण तुमच्या पानाचा फोटो बघून ठरवू.